पेवात सोडलेला स्पीकर

माझ्या स्टुडिओत पहिला अल्बम करायला येणारे पुष्कळ. दुसरा करायला परत येणारे फार थोडे. भजनी मंडळं येतात, कारण सप्त्याला दर वर्षी काहीतरी नवीन लागतं. प्रचारगीतवाले तर निवडणूक लागली की पहाटे पाचला फोन करतात आणि संध्याकाळी गाणं गाडीवर वाजलं पाहिजे म्हणतात. पण चार पोरांनी जमून स्वतःची गाणी लिहिली, स्वतःच्या पैशानं पहिला अल्बम काढला आणि काही वर्षांनी तीच चौघं पुन्हा माझा जिना चढून आली, असं सांगलीत क्वचित होतं. मधल्या काळात एकाला पुण्यात नोकरी लागलेली असते, एकाचं लग्न झालेलं असतं आणि गिटार माळ्यावर गेलेली असते.

ही चौघं आली. दोघं साताऱ्याची, दोघं सांगली भागातली. इंजिनिअरिंगच्या गॅदरिंगमध्ये जमलेली. गायक साताऱ्याच्या एमआयडीसीत क्वालिटी खात्यात आहे, शिफ्टमध्ये. ड्रमर तिकडचाच, तो एमपीएससी करतो; म्हणजे घरच्यांच्या हिशेबानं तो फक्त एमपीएससी करतो. बेसवाला तासगावकडं घरची द्राक्षबाग बघतो, त्यामुळे छाटणीच्या दिवसांत त्याचा फोन लागत नाही. लीड गिटार वाजवते ती मुलगी कुपवाडला एका कारखान्यात ड्रॉइंगच्या टेबलावर असते. नावं घेत नाही. अल्बम अजून बाहेर पडायचाय आणि त्यांनीच सांगितलंय, "आमचं नाव नको दादा, आधी गाणी येऊ द्यात."

सातारा ते सांगली म्हणजे कराड, पेठ नाका, इस्लामपूर, आष्टा. अंतर फार नाही, पण शिफ्ट संपवून निघालेल्या माणसाला ते फार असतं. चौघं एकत्र बसून वाजवतात असा दिवस महिन्यातून एखादा. बाकी सगळं व्हॉट्सअॅपवर: एकानं गुणगुणलेलं, दुसऱ्यानं त्यावर वाजवलेलं, तिसऱ्यानं "बघतो" म्हणून तसंच ठेवलेलं. पहिला अल्बम असाच झाला होता. गिटार थेट कॉम्प्युटरमध्ये, ड्रम माउसनं टिचकी मारून बसवलेले, आणि सगळ्यावर मिळून एका परदेशी चर्चचा घुमारा. हे सॉफ्टवेअर कसं चालतं ते सांगण्यासारखं आहे. कुणीतरी खऱ्या चर्चमध्ये जाऊन फुगा फोडतो किंवा पिस्तुलाचा बार काढतो, त्याचा आवाज भिंतींवर आपटून कसा विरतो ते टिपतो, आणि त्या विरण्याचा साचा विकतो. तो साचा तुमच्या आवाजावर चढवला की कुपवाडच्या खोलीत म्हटलेली ओळ युरोपातल्या दगडी कमानींखाली म्हटल्यासारखी वाटते. काम चोख होतं. ऐकणाऱ्यांनी "बाहेरच्यासारखं वाटतंय" म्हणून कौतुक केलं, आणि तेव्हा पोरांना ते आवडलंही.

या वेळी आल्या आल्या त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, ड्रम खरे हवेत. दोन, हलगी नको.

दुसरीमागे एक कहाणी होती. पहिल्या अल्बमनंतर त्यांना एका मोठ्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं. ठरवणाऱ्या गृहस्थांनी गाणी ऐकली आणि म्हणाले, चांगलंय, पण तुमच्या मातीतलं काहीतरी टाका. धनगरी ढोल टाका, हलगी टाका, फेटे बांधा, म्हणजे लोकांना कळेल कुठली पोरं आहेत ती. पोरांनी फेटे बांधले नाहीत आणि कार्यक्रमही झाला नाही. मी त्यांच्या बाजूचा आहे. जत-आटपाडीकडचं गजीनृत्य मी मोकळ्या माळावर ऐकलंय. ढोल गळ्यात अडकवलेली माणसं गोलात फिरत असतात, आवाज एका बाजूनं येतो आणि दुसऱ्या बाजूनं जातो, आणि तुमचे पाय तुम्हाला न विचारता हलतात. त्यातलं चार सेकंदांचं कापून गिटारखाली चिकटवलं की धनगराचाही अपमान आणि गिटारचाही. पण ‘हलगी नको’ म्हटल्यावर ‘मग काय हवं’ हा प्रश्न उरतोच, आणि आमचे पुढचे कित्येक महिने त्या प्रश्नातच गेले.

रॉक बँडांच्या दुसऱ्या अल्बमची आपल्याकडची उदाहरणं मी त्यांना ऐकवली. मुंबईच्या रॉक मशीनचा पहिला अल्बम १९८८चा, दुसरा १९९०चा. दोन्ही इंग्रजी, दोन्ही बाहेरच्या बँडच्या तोडीचे वाटावेत अशा जिद्दीनं केलेले. १९९३मध्ये त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड केलं आणि मग कुठं आवाजातही इकडचं काही दिसायला लागलं. दिल्लीच्या इंडियन ओशननं वेगळीच तऱ्हा केली. पहिला अल्बम स्टुडिओत केल्यावर त्यांचा ‘डेझर्ट रेन’ आला तो चक्क एका मैफलीचं रेकॉर्डिंग होता. सफदर हाश्मींच्या स्मृतीसाठी १ जानेवारीला दिल्लीत होणाऱ्या कार्यक्रमात, १९९७ साली, ते वाजवलं गेलं होतं. त्यात हवा ऐकू येते, माणसं ऐकू येतात. ड्रमर ऐकून म्हणाला, "हे स्टेजवरचं आहे तरी आपल्या स्टुडिओतल्यापेक्षा बरं का वाटतंय?" मी म्हटलं, कारण ते कुठंतरी वाजलंय. तुमचं कुठंच वाजलं नव्हतं.

तर खरे ड्रम. माझा स्टुडिओ पहिल्या मजल्यावर आहे. आधी तळमजल्यावर होता. २०१९च्या ऑगस्टात कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांपलीकडे गेली. धोक्याची पातळी ४५ची. पाणी उतरल्यावर माझ्या मिक्सरमधून गाळ निघाला, आणि नंतर मी वर आलो. वरची खोली लहान आहे. बोलण्याला, तबल्याला, पेटीला ठीक. पूर्ण ड्रमसेट तिथं लावला तर छत डोक्यावर येतं आणि आवाज डब्यात कोंडल्यासारखा होतो.

उपाय बेसवाल्यानं काढला. "चातुर्मासात लग्नं कुठं असतात दादा? कार्यालयं रिकामीच असतात की." साताऱ्याच्या बाहेर एक मंगल कार्यालय मिळालं, सीझनच्या मानानं अगदी किरकोळ भाड्यात. मॅनेजरनं वहीत नाव लिहून घेतलं, कार्य काय म्हणून विचारलं आणि पुढचा प्रश्न टाकला, "पानं किती?" ड्रमरनं चार सांगितलं. त्यांनी ते लिहूनही घेतलं.

मुख्य हॉलमध्ये जमलं नाही. समोरासमोरच्या दोन गुळगुळीत भिंतींमध्ये आवाज चेंडूसारखा टप्पे खात राहायचा. मंगलाष्टकं तिथं कुणाला का कळत नाहीत ते मला त्या दिवशी उमगलं. मग ड्रम पंगतीच्या हॉलात नेले. खाली शहाबादी, वर स्लॅब, आणि एका कोपऱ्यातून वर जाणारा जिना. जिन्याच्या डोक्यावर दोन खोल्या, एकीवर ‘वरपक्ष’ आणि दुसरीवर ‘वधूपक्ष’. ड्रम जिन्याच्या पायथ्याशी ठेवले, जवळचे माईक नेहमीसारखे लावले आणि दोन माईक वरच्या कठड्यावरून खाली सोडले, एक वरपक्षाकडून, एक वधूपक्षाकडून.

ही कल्पना माझी नाही. इंग्लंडात हेडली ग्रेंज नावाच्या एका जुन्या मोठ्या घरात लेड झेपेलिननं १९७१चा अल्बम केला, तेव्हा अँडी जॉन्स या रेकॉर्डिस्टनं जॉन बॉनमचे ड्रम जिन्याच्या पायथ्याशी ठेवले आणि दोन माईक वरून लोंबत सोडले. ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ या गाण्यातला तो ड्रम आजही रेकॉर्डिंग शिकणाऱ्या पोरांना ऐकवतात. गाणं मूळ त्यांचं नव्हे. मिसिसिपीला १९२७ साली महापूर आला, बांध फुटले, त्यावर मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय यांनी १९२९मध्ये ते गाऊन ठेवलं होतं. आमचा आयर्विन पूलही १९२९चाच. हे मी पोरांना सांगितलं तेव्हा गायकानं, "म्हणजे पुराचं गाणं आपण केलं पाहिजे होतं," म्हटलं आणि ड्रमरनं त्याला झापलं, "पुराची गाणी करून मोप लोक मोठे झालेत, तू शिफ्टची कर." आमच्या अल्बममध्ये शिफ्टचं गाणं आहे. पुराचं नाही.

साताऱ्याचा पाऊस मात्र आमच्या हिशेबात नव्हता. स्लॅब असल्यानं वरून आवाज येत नव्हता, पण स्वयंपाकघराच्या बाजूला पत्रा होता. सर आली की थांबायचं, गेली की वाजवायचं. वीज गेली की मॅनेजर आपुलकीनं जनरेटर लावायचे, आणि आम्ही हात जोडून तो बंद करायला लावायचो. असं करत जे टेक निघाले त्यातल्या एकात सर सुरू होतानाचा पत्रा स्पष्ट ऐकू येतो. कडव्याआधी ड्रमर थांबतो तिथंच ती आली. ठेवून दिलाय तो.

आता जे सांगायचंय त्यासाठीच खरं तर हे लिहायला बसलो.

गिटारचं काम माझ्या खोलीत झालं. एका रात्री चौघं गेल्यावर मी तिचा ट्रॅक एकटा लावला. ड्रम बंद, बेस बंद, आवाज बंद, नुसती लीड गिटार. रेकॉर्डिस्टला ही सवयच असते. आणि मला ओळखीचं काहीतरी ऐकू यायला लागलं. लांब स्वर ती सोडून देत नाही. गिटारवाले साधारणपणे तार ताणून स्वर रडवतात, थरथरवतात. ही त्याच स्वरावर पिकनं बारीक बारीक आघात करत राहते, आणि पुढच्या स्वरावर जाताना आधी वरचा स्वर टचकन दाखवून मग खाली येते. मी हे शेकडो वेळा ऐकलं होतं, पण गिटारवर नव्हे. वरातीत ऐकलं होतं. बँजोवर.

बँजो म्हणजे आपला बँजो. अमेरिकेतला कातडी लावलेला नव्हे. लाकडी पट्टीवर तारा, त्यावर टाइपरायटरसारखी बटणं, डाव्या हातानं बटण दाबायचं आणि उजव्या हातानं छेडायचं. याचं मूळ जपानात आहे. नागोयाच्या गोरो मोरितानं १९१२मध्ये तैशोगोतो नावाचं वाद्य काढलं. ते आपल्या देशात येऊन बुलबुलतरंग झालं. मग त्याला पिकअप बसला, कर्णे जोडले गेले, टेम्पोवर चढलं आणि सातारा-सांगली-कोल्हापुरात त्याची बँजो पार्टी झाली. त्यावर स्वर लांबवायचा तर सतत छेडत राहण्याशिवाय गत्यंतर नसतं, तार तेवढी टिकत नाही. आणि वरातीतला अॅम्प नेहमी त्याच्या ताकदीपलीकडे खेचलेला, म्हणून आवाज फाटलेला.

विचार करा, आमच्याकडच्या पोरानं जन्मात पहिल्यांदा ऐकलेलं विजेवरचं तारवाद्य कोणतं? गिटार नव्हे. तीन वर्षांचं असताना बापाच्या खांद्यावर बसून मिरवणुकीत ऐकलेला हा फाटका बँजो. इंग्लंडातल्या पोरांनी फाटक्या गिटारीचा आवाज साठच्या दशकात रेडिओवर ऐकला. आमच्यातल्यांनी तो गणपतीत ऐकला, फक्त त्याला रॉक म्हणतात हे कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिला विचारलं, घरात कुणी बँजो वाजवतं का? ती हसली. "मामा वाजवायचा. पण मी कधी हात लावला नाही. मला लाज वाटायची दादा, ते वरातीतलं." मी ट्रॅक लावला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "काढू का हे?" गायक आणि बेसवाला उलट दिशेला धावले: मग खरा बँजोच आणू, मामाला बोलवू, शेवटच्या गाण्यात वाजवू, व्हिडिओ भारी होईल. मी दोन्हीला नाही म्हणालो. रेकॉर्डिस्टनं चालीत नाक खुपसू नये असा धंद्याचा नियम आहे, पण इथं खुपसलं. बँजो आणला तर तो फेट्यासारखा वर दिसेल. लोक म्हणतील वा, लोकवाद्य घातलंय. आणि काढून टाकलं तर उरेल ती इंटरनेटवरून शिकलेली गिटार, तशी वाजवणारी पोरं जगात हव्या तेवढी. तिच्या मनगटात मामा आहे, तो तिथंच राहू दे. त्याची जाहिरात नको आणि लाजही नको. हे तिला पटायला वेळ लागला. मला वाटतं अजून अर्धंच पटलंय.

मिरजेला आम्ही गेलो तो योगायोगानं. तिला गिटारचा आवाज अजून फाटका हवा होता आणि मला तो कमी फाटका हवा होता, त्यावर रोज वाद. तेवढ्यात एका भजनी मंडळाचा तंबोरा मला जवारीला टाकायचा होता, तर ती सोबत आली. मिरजेतल्या सतारमेकरांच्या गल्लीला १९व्या शतकाच्या मध्यापासूनचा इतिहास आहे. फरीदसाहेब सतारमेकरांचं घराणं मूळ शिकलगारांचं. तलवारींना धार लावणारे हात हत्यारांचे दिवस संपल्यावर तंतुवाद्यांकडं वळले. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, लाकूड तुणीचं. २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. या सगळ्यापेक्षा तिला आवडलं ते शिकलगारांचं. तिनं लगेच ब्लॅक सॅबथच्या टोनी आयोमीची गोष्ट काढली. तो बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता, मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, तर प्लास्टिकची बाटली वितळवून त्यानं टोपणं केली आणि पुढे बोटांना सोसावं म्हणून तारा सैल केल्या. त्यातून तो जड, खालचा आवाज पक्का झाला. लोखंडाशी काम करणारी माणसं तारांकडं वळली की असंच होत असावं, असं तिचं म्हणणं. मी मान हलवली. कुपवाडच्या कारखान्यात बसणाऱ्या मुलीला ते म्हणायचा हक्क आहे.

जवारी काढायला कारागीर कानसनं हाडाच्या घोडीवर हात फिरवत होते. अगदी हलका हात, मग तार चढवून ऐकायचं, मग पुन्हा उतरवायची. घोडीचा माथा सपाट नसतो, त्याला अगदी किंचित उतार असतो. कंप पावणारी तार त्या उतारावर घासत राहते आणि मूळ स्वरातून वरचे सगळे स्वर फुटून निघतात. तंबोऱ्याचा तो झंकार म्हणजे तारेचं नियमानं केलेलं घासणं. गिटारच्या फाटक्या आवाजाचंही तत्त्व पुष्कळसं हेच. अॅम्पला झेपणार नाही इतका आवाज दिला की लाटेची डोकी छाटली जातात, आणि छाटलेल्या लाटेतून नसलेले वरचे स्वर तयार होतात. तिनं आपल्या गाण्यातला एक तुकडा फोनवर त्यांना ऐकवला. फोनचा एवढासा स्पीकर, गल्लीत दुचाक्यांचा गोंगाट. त्यांनी कान लावला, पुन्हा लावायला सांगितलं आणि म्हणाले, "लईच उघडलीय जवारी. जरा बंद करा. सूर दिसंना झालाय."

महिनाभर मी जे सांगत होतो तेच. पण मी सांगितलं की तो दादांचा जुना कान, आणि त्यांनी सांगितलं की विद्या. त्या रात्री तिनं स्वतः गेनचं बटण निम्म्यावर आणलं, आणि मग तिच्या पिकचे ते बारीक आघात एकेक वेगळे ऐकू यायला लागले. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर तिनं पुन्हा वाढवलं असतं.

परतताना मिरजेच्या दर्ग्यावरून आलो. गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर तिथं आहे. १९३७मध्ये मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेत एका लहान स्टेशनावर ते गेले, आणि त्यांना मिरजेला आणलं. आमच्या गाडीत तेव्हा वाद चालला होता तो गाण्यांच्या लांबीचा. अल्बममध्ये एक गाणं नऊ मिनिटांच्या घरात जातं. गायकाच्या एका मित्राचं म्हणणं, पहिल्या पंधरा सेकंदांत धरलं नाही तर लोक पुढं सरकवतात. मी खाँसाहेबांचं सांगितलं. दोन-दोन तास राग मांडणारा माणूस ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर तीन-सव्वातीन मिनिटांत गायला, कारण एका बाजूला तेवढीच जागा होती. आणि ते तीन मिनिटांचं गाणं अर्धवट वाटत नाही. पण त्यांनी मैफल तीन मिनिटांची केली नाही. तबकडीला तबकडीचं दिलं, मैफलीला मैफलीचं. शेवटी ठरलं की नऊ मिनिटांचं गाणं अल्बममध्ये पूर्ण राहील आणि आधी एकटं सोडायचं ते तीन मिनिटांतलं एक छोटं.

गाणी बसली, पण गायकाच्या आवाजाभोवती काय असावं हे सुटत नव्हतं. चर्च नको होतं. कोरडा आवाज ड्रमच्या मोकळेपणापुढे चिकटवल्यासारखा वाटत होता. कार्यालय पुन्हा मिळणं शक्य नव्हतं; तुळशीचं लग्न झालं होतं आणि मॅनेजर आता आमचा फोनही उचलत नव्हते.

हरिपूर सांगलीला लागूनच. कृष्णा आणि वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, ‘शारदा’ लिहिणाऱ्या गोविंद बल्लाळ देवलांचं जन्मगाव. आणि हळदीची पेवं. पेव म्हणजे जमिनीखालचं कोठार. माणूस उतरेल एवढंच तोंड, आत वीस-पंचवीस फूट खोल आणि खाली रांजणासारखं पोट. तिथल्या मातीचा गुण असा की आत भरलेली हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. सांगलीच्या हळदपेठेचा मोठा आधार ही पेवं होती. २००५च्या पुरात पाणी शिरलं आणि पुष्कळ पेवं कायमची गेली, २०१९नं उरलेल्यांना तडाखा दिला. कोल्ड स्टोअरेज आल्यावर नवी काढायची गरजही राहिली नाही.

पेवाची कल्पना कुणाची यावर अजून भांडण आहे. हॉलिवूडच्या कॅपिटॉल रेकॉर्ड्सच्या इमारतीखाली जमिनीत घुमाऱ्यासाठी मुद्दाम खोल्या बांधल्या आहेत, लेस पॉल या गिटारवादकाच्या सल्ल्यानं. हे मी कधीतरी त्यांना सांगितलं होतं. एका टोकाला स्पीकर, दुसऱ्या टोकाला माईक. वरच्या स्टुडिओतला आवाज खाली पाठवायचा आणि घुमून आलेला परत घ्यायचा. बेसवाल्याच्या ओळखीत एकांकडं रिकामं पेव निघालं. मालक वयस्कर. त्यांनी एकच अट घातली: आत माणूस उतरायचा नाही. बंद पेवात हवा मारक असते. जुने लोक तोंड उघडून कितीतरी वेळ तसंच ठेवायचे, कंदील सोडून बघायचे, तो विझला तर उतरायचे नाहीत. आमच्यासाठी त्यांनी आदल्या संध्याकाळीच तोंड उघडून ठेवलं होतं, तरीही पोरांना काठापासून लांब उभं केलं.

आम्हाला उतरायचंच नव्हतं. दोरानं आधी स्पीकर सोडला, मग माईक. मालक खुर्ची टाकून बसले. "ह्यातनं काय यायचंय वर?" त्यांनी विचारलं. मलाही ठाऊक नव्हतं. सिमेंटच्या खोलीसारखा लांब घुमारा मातीतून मिळत नाही, माती आवाज पिते. एवढं माहीत होतं. आलं ते वेगळंच. आवाजाची वरची धार सगळी मातीनं खाल्ली, आणि खालचा एक ठरावीक स्वर मात्र पोटात धरून ठेवला. पोटाची रुंदी दहा फुटांच्या आसपास धरली तर हिशेबानं तो ५५-५६ हर्ट्झला येतो. म्हणजे बेस गिटारची मोकळी ‘ए’ तार. बेसवाल्यानं ती छेडली आणि काठावरची माती पायाला जाणवली. मालक खुर्चीतून उठले.

गायकाच्या आवाजाला याचा काही उपयोग झाला नाही, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. तो भुयारातून बोलल्यासारखा आला, भुताच्या सिनेमात चालला असता. त्याचा आवाज शेवटी माझ्या स्टुडिओच्या जिन्यात झाला, पुराची खूण अजून जिथं भिंतीवर आहे तिथं उभा राहून, आणि सगळ्यात साधं तेच बसलं. पेव उपयोगी पडलं ते बेसला आणि ड्रमच्या मोठ्या ढोलाला. आधी टिपलेले दोन्ही पेवातून फिरवून आणले आणि मूळ आवाजाखाली बेतानं मिसळले. मोबाइलवर ऐकणाऱ्याला ते कळणारही नाही. चांगल्या स्पीकरवर ऐकणाऱ्याला खाली काहीतरी आहे एवढं जाणवेल. कशामुळे ते अल्बमच्या माहितीत लिहायचं नाही असं मी सुचवलं होतं, पण पोरांनी पेवाच्या मालकांचे आभार मानलेत, आणि ते बरोबरच आहे. केबलींना मात्र हळदीचा वास लागला तो जात नाही. एका कीर्तनकारांना तो फार प्रसन्न वाटला.

बाकी उरली ती कारकुनी. अल्बम बाहेर काढणं हे आता बरंचसं फॉर्म भरणं आहे. प्रत्येक गाण्याला एक आयएसआरसी क्रमांक, गीतकार कोण, संगीतकार कोण, वाटा किती टक्के. चौघांनी सगळीकडे समान लिहिलं. मी त्यांना आयपीआरएसचं सभासदत्व घ्यायला लावलं. गीतकार-संगीतकारांची ही संस्था १९६९पासून आहे आणि आमच्याकडच्या पोरांना तिचं नाव गाणं कुठंतरी वाजून गेल्यावर कळतं. आवाजाच्या पातळीवर शेवटपर्यंत हुज्जत झाली. गायकाला डीजेच्या गाण्याइतकं मोठं हवं होतं. स्पॉटिफाय सगळ्यांना साधारण उणे १४वर आणून बसवतं, तू कितीही ओरडलास तरी ते तुझा कान धरून खाली बसवणार, असं सांगितल्यावर त्यानं पडतं घेतलं. भाषेच्या रकान्यात मराठी. प्रकाराच्या रकान्यात त्या यादीत ‘रीजनल’ होतं आणि ‘रॉक’ होतं, एकच निवडायचं. यावर दहा मिनिटंही लागली नाहीत, ड्रमरनं रॉकवर टिचकी मारली.

तारीख मात्र अडली. २०१५च्या जुलैपासून जगभर नवीन गाणी शुक्रवारी येतात, म्हणून आम्हीही शुक्रवार धरला. ड्रमरच्या आईनं कॅलेंडर बघून सांगितलं, त्या दिवशी अमावास्या आहे. चार इंजिनिअर आणि एक रेकॉर्डिस्ट, कुणाचीही "त्यानं काय होतंय" म्हणायची छाती झाली नाही. एक आठवडा पुढं ढकलावं तर त्या रविवारी त्याची पूर्वपरीक्षा, आणि आईला हे दोन्ही एकाच आठवड्यात नको. त्यानंतरच्या शुक्रवारी गायकाची रात्रपाळी आहे, पण त्यानं बदली माणूस बघितलाय. तीच तारीख फॉर्ममध्ये टाकली. मी त्या दिवशी मोकळा नाही. आष्ट्याच्या एका बँजो पार्टीचं रेकॉर्डिंग आधीच घेतलंय, आणि लीडवाल्या मुलीनं सुट्टी काढून तिकडं यायचं ठरवलंय.